तोट्याचा रकाना

१२ मे, सोमवार

शीट झालं एकदाचं! तीन दिवस ऑफिसात डबा खाताखाता भरत होते. डावीकडे माझी मैत्रीण सरला हिच्या जयचं कम्प्युटर सायन्स, उजवीकडे आमच्या स्वानंदीचा कम्युनिटी कॉलेजातला मेंटल हेल्थचा दोन वर्षांचा कोर्स. फी दोन्ही वर्षांची मिळून पाच हजार डॉलर. इथवर आमची पोरगी जिंकली. मग पगाराची ओळ आली. तासाला अठरा डॉलर! इथे मॉरिसव्हिलमध्ये भाडं दिल्यावर भाजीलाही उरायचे नाहीत. पुढे थेरपिस्ट व्हायचं तर आणखी दोन वर्षं, मग मास्टर्स, मग लायसन्स. आणि या कॉलेजातले निम्मे क्रेडिट्स मोठ्या युनिव्हर्सिटीत धरतच नाहीत. शेवटच्या रकान्यात दहा वर्षांचा तोटा काढला आणि लाल केला.

जेवताना दाखवलं. स्वानंदी लाल रकान्यापर्यंत वाचत गेली. "आई, यू मेड अ स्प्रेडशीट ऑफ मी?" म्हणाली, आणि उठून गेली. एकोणीस वर्षांची आहे. ताटातलं वरण तसंच राहिलं.

१३ मे

श्रीरामचं म्हणणं, "लोन काढावं लागत नाही, तिला आवडतंय. प्रॉब्लेम काय आहे, नीला?" मग हळूच — "आणि आपल्या घरात कोणाला गरज पडली नव्हती का?"

२०२१ सालाचं नाव काढायचं नाही, हे आम्हा नवराबायकोत ठरलंय. मी उठले आणि भांडी घासायला घेतली. डिशवॉशर रिकामा असताना!

२४ मे

मराठी मंडळाची पिकनिक. सरलाने विचारलं, "स्वानंदीचं काय ठरलं गं?" मी म्हणाले, "प्री-मेड." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं! आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण स्वानंदी तिथेच होती, भेळेच्या ट्रेला फॉइल लावत. सरलाने "वा, डॉक्टरीणबाई!" म्हणून तिची पाठ थोपटली, तर नुसती हसली. माझं खोटं तिने उघडं पाडलं नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

९ जून

कॉलेजची मेल आली. फॉर्मवर मेलचा पत्ता माझा आहे — पहिलीपासून तिचे सगळे फॉर्म मीच भरते, पासवर्डही मीच ठेवते. आपल्या सगळ्याच आया असंच करतात. रहिवासाचे कागद वीस जूनपर्यंत अपलोड करा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

स्वानंदीला सांगायला पाहिजे. उद्या सांगते.

१४ जून

नाही सांगितलं. मेल आर्काइव्ह केली. डिलीट नाही केली!

जागा गेली तर गेली. एक वर्ष थांबेल, विचार करेल, कदाचित मन बदलेल. तिच्या भल्याचंच आहे ना? — हे वाक्य लिहून तीनदा वाचलं. एकदाही पटलं नाही.

२० जून

आज वीस. इंडियन स्टोअरमधून पानं आणून अळूवड्या केल्या. स्वानंदीने पाच खाल्ल्या. "बेस्ट, आई!" मी एकही घेतली नाही.

कॉलेजचं ऑफिस पाचला बंद होतं. चार ते पाच मी ओट्यापाशी उभी होते. समोर लॅपटॉप, खालच्या खणात कागद. पाच मिनिटांचं काम. नाही केलं.

२५ जून

स्वानंदी फार्मसीतल्या कामावरून आली. बूट काढता काढता म्हणाली, "आई, एनी मेल फ्रॉम द कॉलेज?"

चोराच्या मनात चांदणं. "नाही गं," म्हणाले.

ती म्हणाली, "ओके." मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. "यू लुक टायर्ड. बस जरा." मला पाणी! मला!

कॉलेजचं पोर्टल उघडून बघायची हिंमत होत नाही. तिथे ‘रद्द’ असं असेल, आणि ते माझंच काम असेल.

२९ जून, रविवार

ते शीट डिलीट करायला ड्राइव्ह उघडला. शेजारीच तिची फाइल — ॲप्लिकेशनचा निबंध. बाकी सगळी पानं मी भरली होती, हे एकच तिच्यावर सोडलं होतं. कधी वाचलंच नाही. त्यात आकडे नव्हते ना!

निबंध माझ्यावर आहे.

२०२१च्या एप्रिलमध्ये नागपूरला माझी आई गेली. मला जाता आलं नाही, सगळं फोनवर बघितलं. त्यानंतर ऑगस्टपर्यंत मी पलंगावरून उठले नाही. मला वाटायचं, पोरगी आपली तिच्या खोलीत, ऑनलाइन शाळेत. तिला काय कळणार? पंधरा वर्षांची होती. लिहिते, रोज दुपारी माझ्या दाराबाहेर उभी राहून श्वास ऐकायची. व्हिडिओ बघून कुकर लावायला शिकली. सरलाकाकूचा फोन आला की सांगायची, आईला मायग्रेन आहे. शेवटी लिहिलंय — दार उघडून आत काय बोलायचं, ते मला माहीत नव्हतं. म्हणून मला हे शिकायचंय.

सरला मला अजून मायग्रेनवर काढे सुचवते. मला मायग्रेन आहे हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

आणि मी तिचा दहा वर्षांचा तोटा काढला. लाल रंगात. माझी मलाच लाज वाटते.

३० जून

सकाळी पोर्टल उघडलं. जागा आहे! ‘कागदपत्रे मिळाली — १८ जून.’ स्वानंदीनेच केलंय. मेल माझ्याकडे येत असली तरी पोर्टलचा पासवर्ड तिलाही ठाऊक होता, तिथला निरोप तिला दिसत होता.

म्हणजे पंचवीस तारखेला मला विचारलं, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. माझं ‘नाही’ ऐकून घेतलं, ‘ओके’ म्हणाली, आणि पाणी आणून दिलं.

खाली कुकरची शिट्टी झाली. तीच लावतेय. जाते. सगळं सांगते.