हळदीकुंकवातला फोटो

१८ जाने., रवि.
मंडळाचं ह.कुं. दणक्यात झालं. एवढ्या बायका लोटल्या की वडे संपले, शेवटच्या दहाजणींना नुसती कॉफी. वाट लागली होती, पण निभावलं.

प्रणालीला शेवटी आणलंच. गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाली आणि बालगृहातून बाहेर पडली, तेव्हापासून आमचं मंडळ तिला दर महिन्याला चार हजार देतं. सकाळी लॅब टेक्निशियनचा कोर्स, संध्याकाळी घाटकोपरला चष्म्याच्या दुकानात काम. पैसे माझ्या हातून जातात, पण बायकांचं सुरू झालं होतं, "शुभाताई, देतो कुणाला ते एकदा बघू तरी." मुलगी यायला तयार नव्हती. मग मीच फोनवर आवाज चढवला. "पाच मिनिटं ये गं, कुणी खात नाही तुला!"

आली. निळा ड्रेस, केस ओले. वाणाबरोबर पाकीटही सगळ्यांसमोर दिलं. टाळ्या. फोटो झकास आलाय, माझी पैठणी काय उठून दिसतेय. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: "अनाथाश्रमातून स्वतःच्या पायावर. आमच्या मंडळाची लेक!" अंगठे आणि नमस्कार थांबेनात. विलास म्हणतो, "आता काय बुवा, आमची बायको फेमस."

२० जाने., मंगळ
बी विंगच्या सानेबाईंनी जिन्यात गाठलं. "अहो, ती तुमची प्रणाली माझ्या वहिनीकडेच राहते की, नाहूरला, कॉट बेसिसवर, एका खोलीत तिघी! वहिनीला सांगितलं होतं आई-वडील सांगलीला असतात, बेकरी आहे. मी फोटो पाठवला तर वहिनी गारच." हसत हसत सांगत होत्या.

प्र.ने मला सांगितलं होतं. खोली घेतली तेव्हाच. संस्थेतली म्हटलं की कुणी खोली देत नाही काकू, म्हणून तसं सांगितलंय, तुम्ही कुठे बोलू नका. मी म्हटलं होतं, वेडी का काय, मी कशाला बोलू?

विसरले. नाही, विसरले असंही नाही. फोटो टाकताना ते आठवायचं नव्हतं मला.

ग्रुपवरून डिलीट केला. आता डिलीट करून काय उपयोग.

२२ जाने., गुरु.
दुपारी बेल. दारात प्र., एक बॅग आणि दोन चादरींचं गाठोडं. मालकिणीने काढलं. "खोटं बोलणारी मुलगी नको. बाकीच्या दोघींचे आई-वडील उद्या मला विचारतील." कुणी सांगितलं असं हिने विचारलं, तर ते विचारू नकोस म्हणाली.

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. पंखा लावून समोर बसले तेव्हा विचारलंन,
"काकू, तो ह.कुं.चा फोटो कुठे टाकला नाही ना तुम्ही?"
"नाही गं."

असं म्हणाले मी. तोंडातून निघून गेलं, आणि मग ते परत घेता येईना. परत घेता येईना म्हणजे काय? येत होतं की. ती समोरच बसली होती.

"मग रेश्माच," म्हणाली. "तिला आणि तुम्हालाच माहीत होतं."

रेश्मा म्हणजे संस्थेतली तिची मैत्रीण. मैत्रीण कसली, बहीणच. बारा वर्षं शेजारी-शेजारी झोपलेल्या. घाटकोपरच्या पार्लरमध्ये आहे. डिसेंबरात दोघींचं कशावरून तरी वाजलं होतं. मी काय केलं? म्हटलं, "आधी चहा घे."

२५ जाने., रवि.
प्र. आमच्याकडेच आहे. माझ्याआधी उठते. अंथरुणं काढते, ओटा पुसते, विलासच्या चष्म्याची दांडी घट्ट करून देते. काल म्हणाली, "काकू, तुम्ही नसतात तर मी कुठे गेले असते?"

आणि आज भाजी निवडता निवडता: "आईला अर्धशिशी आहे असं सांगितलं होतं मी मालकिणीला. ती रोज विचारायची, आईचं डोकं थांबलं का गं. मला बरं वाटायचं."

मी उठून मोरीत गेले. नळ सोडून उभी राहिले.

विलासला सगळं ठाऊक आहे. एरवी थट्टेशिवाय तोंड उघडत नाही. आज माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या चेडवाक सांगून टाक, शुभा." चिडला की मालवणीवर येतो. मी म्हटलं, सांगते पोरीला. तिची सोय झाली की सांगते.

२९ जाने., गुरु.
गॅलरीत फोनवर प्र.: "तू मेलीस मला! परत फोन केलास तर बघ." मग नंबर डिलीट. पलीकडून रेश्मा काय म्हणत होती देव जाणे. मी आत तांदूळ निवडत होते. निवडून झालेलेच.

१ फेब्रु., रवि.
विलासच्या ओळखीने कांजूरमार्गला कॉट मिळाली. मी सोबत गेले. नव्या मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही कोण हिच्या?" प्र. माझ्याकडे बघायला लागली.
"मावशी," मी म्हटलं.
तिने माझा हात दाबला. रिक्षात बसल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. सोय झाली. सांगितलं नाही.

१४ फेब्रु., शनि.
रेश्मा आली. दुपारी, पार्लरमधून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन. बुटकी, चटपटीत, बोटाला थ्रेडिंगच्या दोऱ्याचे वळ. मी हादरलेच. म्हटलं, आली ही भांडायला.

"भांडायला नाही आले काकू, घाबरू नका." आणि मोबाइल पुढे केला. तो फोटो. माझी पैठणी. "तुमच्या सोसायटीतल्या एक मॅडम येतात आमच्याकडे. त्यांनीच दाखवला, मी मागून घेतला. दुसऱ्याच दिवशी."

म्हणजे पोरीला पहिल्यापासून माहीत!

"मग प्रणालीला का नाही दाखवलास?"

"दाखवला असता तर तुमचे पैसे तिने घेतले असते का? मी ओळखते तिला. तोंडावर फेकले असते. मग फी कोण भरणार, मी? सरकारी मदतीचा अर्ज केलाय तिने, ती येईल तेव्हा येईल. मी अठराला बाहेर पडले तेव्हा कोणी नव्हतं काकू. आठ महिने पार्लरच्या फरशीवर झोपले. तिचं तसं नको. म्हटलं, शिव्या मी खाते. कोर्स होऊ दे. मग बघू."

पाणी विचारलं. नको म्हणाली.

स्वतःचा नंबर माझ्या फोनमध्ये घातला. मग पिशवीतून पांढरा कोट काढला. लॅबमध्ये घालतात तो. पार्लरशेजारच्या टेलरकडून शिवून घेतलेला. "वीस तारखेला वाढदिवस आहे तिचा. प्रॅक्टिकलला लागतो, ती दुसरीचा मागून घालते. तुमच्याकडून म्हणून द्या."

तुमच्याकडून म्हणून! एकोणसाठाव्या वर्षी वीस वर्षांची पोर माझी लाज झाकतेय, आणि मी दाराशी उभी राहून तिला म्हणतेय, जपून जा हं.

१६ फेब्रु., सोम.
मंडळाची मीटिंग. सानेबाई: "घरमालकिणीला फसवणाऱ्या मुलीला आपण पैसे द्यायचे का? उद्या आपल्यालाही फसवेल." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. माझ्या जिभेवर आलं होतं. म्हटलं काय, तर "एप्रिलमध्ये ठरवू."

पुढचा विषय: महिला दिनाला माझा सत्कार. शाल, नारळ. प्र.साठी केलेल्या कामाबद्दल! मी "अगं कशाला" म्हटलं. "अगं कशाला" म्हणजे काय ते सगळ्या बायकांना कळतं. सत्कार ठरला.

विलासला सांगितलं. जेवणाचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

२० फेब्रु., शुक्र.
कोट घेऊन कांजूरला. प्र.ने लगेच अंगात घातला. आरशासमोर पुढून, मागून. बाहीचं बटण लावलं. "काकू, माप कसं कळलं तुम्हाला? माझा डावा खांदा जरा खाली आहे, टेलर नेहमी चुकतात."

बस. संपलं माझं. सांगितलं. फोटो मी टाकला, खोटं मी बोलले, रेश्माला सगळं माहीत होतं, कोट तिने शिवलाय. एका दमात, उभ्याउभ्या. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

ती कोटासकट कॉटवर बसली.
"मी विचारलं होतं ना तेव्हा?"
"हो."
"आणि तुम्ही नाही म्हणालात."
"हो."
मी माफी मागितली, ती तिने ऐकली की नाही माहीत नाही. मग म्हणाली, "रेश्माचा नंबर द्या. मी डिलीट केलाय."
दिला. दाराकडे जाताना वळली. "एक तारखेला पैसे टाकू नका. मला विचार करू दे." कोट घालूनच जिना उतरली. मी तिच्या खोलीत एकटी. भिंतीला वेळापत्रक चिकटवलेलं, त्यात रविवारी दुपारी लिहिलेलं, 'काकूंकडे'.

१ मार्च, रवि.
पैसे टाकले नाहीत. टाकले तर तिचा शब्द मोडला, नाही टाकले तर फी... दुपारी आली नाही. येईल असं मला का वाटलं कोण जाणे, साबुदाण्याची खिचडी जास्त केली होती.

संध्याकाळी रेश्माला फोन केला. "भेटलो काकू. आधी मला चार ठेवून दिल्या. म्हणाली, माझ्या आयुष्याचं ठरवणारी तू कोण? मग रडली. मग जिलबी खाल्ली दोघींनी. संस्थेत वाढदिवस महिन्यातून एकदा, सगळ्यांचा मिळून व्हायचा ना, म्हणून आमची जिलबी वेगळी असते."
"आणि पैशांचं?"
"ते ती ठरवेल. मी आता मधे पडणार नाही. तुम्हीपण पडू नका."
वीस वर्षांची आहे. मला शिकवते. शिकवू दे.

५ मार्च, गुरु.
प्र.चा मेसेज. तेरा दिवसांनी.
"काकू, मंडळात सांगितलंत का? त्यांना अजून मीच खोटारडी वाटते."
एवढंच. पैशाचं अक्षर नाही.

उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं. पाठवलं नाही. काय लिहू? वर्षभर ज्या बायकांसमोर मिरवले, त्यांच्यासमोर... कामवालीने कप फोडला तर मी अख्ख्या मजल्याला ऐकवते. आणि आता स्वतःची पाळी आली तर तोंड शिवलं माझं.

८ मार्च, रवि.
पाच वाजता कार्यक्रम. खाली खुर्च्या मांडतायत. सानेबाई माइकवर हॅलो हॅलो करतायत. शाल त्यांच्याच हस्ते आहे.

सकाळी प्र.ला फोन केला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. म्हटलं, आज सांगणार आहे, येशील का? म्हणाली, "मला परत सगळ्यांसमोर उभं नका करू." बरोबरच आहे. तेवढीसुद्धा अक्कल नाही मला. मग थोडं थांबून, "रेश्माच्या त्या मॅडम असतील ना तिथे? त्या सांगतीलच रेश्माला. मग कळेल मला."

पैठणी काढली होती. परत ठेवली. साधी कॉटनची नेसलेय. विलासने विचारलं, येऊ का? म्हटलं, शेवटच्या ओळीत बस, म्हणजे मला दिसशील. बायका काय म्हणतील, एप्रिलपासून पैसे चालू ठेवतील की बंद करतील, प्र. घेईल की नाही, काही सांगता येत नाही.

पाच वाजले. खालून सानेबाईंनी माइकवर माझं नाव पुकारलं. नारळ घ्यायच्या आधी बोलायचं. नंतर नाही.