हिंदीचा नेम

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
१९ जुलै १९५७

चि. रजनीस आशीर्वाद.

आई शेवटी काय बोलली, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस. हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

भाषेवार प्रांतरचना झाली, आपलं गाव हिंदी प्रांतात राहिलं आणि कचेरीत हिंदीची परीक्षा आली. नापास होणाऱ्याची नोकरी जाणार होती. शिकवणी मी जन्मात लावली नाही. पास होईपर्यंत मराठीचा एक शब्दही बोलायचा नाही, असा नेम केला. एकशे बारा दिवस पाळला, कचेरीत पहिला आलो.

परीक्षेला चार दिवस असताना आईला ताप चढला. मी म्हणालो, "माँ, दवा ले लो."

तिने मला हात जोडले. "साहेब, माझ्या पोराले बलवा ना."

मी म्हणालो, "वो आ रहा है."

तुझा भाऊ,
लीलाधर