एकोणसाठ पूर्णांक दोन

दादा,

तुझा अर्ज मीच बाद केला. पदवीला साठ टक्के हवे होते, तुझे एकोणसाठ पूर्णांक दोन. अकरा वर्षं तू हंगामी म्हणून इथला बॉयलर सांभाळलास, पण त्यासाठी फॉर्मात रकानाच नव्हता. भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून 'अपात्र'चा शिक्का चांगला ठसठशीत मारला.

तुझ्या जागी आलेल्याला अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत. दाब वाढल्याचा इशारा देणारा भोंगा सारखा वाजतो म्हणून काल त्याने तो बंदच करून टाकला. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

बॉयलर माझ्या खोलीखालीच आहे. तुला बोलवावं, तर कोणत्या तोंडाने? हे पत्रही बहुतेक फाडेन.

सकाळपासून टेबलावरचा तो शिक्का आपोआप कडेकडे सरकतोय.

तुझी धाकटी