शेरीफच्या बायकोचं पातेलं

आदरणीय व्हर्नाबाई,

तुमचे यजमान काउंटीचे शेरीफ होते, तेव्हा मी त्यांच्या तुरुंगात होतो. शेरीफला लोक निवडून देत, पण तुरुंगाचा खर्च मंजूर करणारे काउंटी मंडळाचे पाच सभासद वेगळे. तुम्ही दोघं तुरुंगाच्याच पुढच्या खोल्यांत राहायचात आणि कैद्यांचा स्वयंपाक तुम्ही करायचात. पगार शेरीफला होता, तुम्हाला नव्हता. शेरीफच्या बायकोनं एवढं करायचंच, असं सगळे धरून चालायचे.

त्या हिवाळ्यात सभासदांनी आमच्या जेवणाचे पैसे निम्मे केले. तुम्ही पातेलं माझ्या हाती दिलंत आणि मला कैद्याच्या कपड्यांतच त्यांच्या बैठकीत नेलंत. पाचही जणांपुढे घेवड्याचं पाणचट सूप वाढलंत.

"हे काय, व्हर्ना?" अध्यक्षांनी नाक मुरडलं.

"तुम्ही मंजूर केलंत तेच. खा की, लाजता कशाला?"

शेरीफसाहेब दाराशी उभे होते. "माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले, "मलाही घरी हेच वाढतेय ती."

त्याच बैठकीत कपात मागे घेतली गेली.

तुम्ही मला कधी चोर म्हणाला नाहीत. "जरा मीठ बघ रे," एवढंच म्हणायचात. माझ्या जिभेवर तेव्हा दुसऱ्या कुणाचा विश्वास नव्हता.

हे पत्र मी टाकणार नाही. "आभार कसले मानतोस, आधी भांडी घास," असंच तुम्ही म्हणाल.

आता त्या पाचांतली एक खुर्ची माझी आहे. उद्या तुरुंगाच्या खर्चावर मतदान आहे. सभासदांचं जेवण मी तुरुंगाच्या स्वयंपाकघरातून मागवलंय.

तुमचा पातेलं उचलणारा,
रॉस्को टीमन