छतातला दिवा

मंजुषा,

माणसाने आयुष्यात एक तरी काम स्वतःच्या हाताने तडीस न्यावं, असं ऐकवून मी सावळीराम कुशनवाल्याला परवा दारातून परत पाठवलं. आता त्यालाच आणायला स्कूटरवरून सायखेड्याला निघालोय.

आण्णांच्या जुन्या अँबेसेडरला छताचं नवं कापड मीच बसवलं. ताणलं गेलंय छान, एक सुरकुती नाही. फक्त छतातला दिवा कापडाच्या आत राहिला, आणि तो चालू आहे. बटण दिव्यालाच आहे. भोक पाडायला कात्री घेतली होती, पण तुझे वडील डोळ्यांसमोर आले.

कपड्यांचे चिमटे शोधू नकोस. गम वाळेपर्यंत ते सगळे छताच्या कडांना लावलेत. सृष्टीला मेंदीच्या हातांनी गाडीत डोकावू देऊ नकोस. आण्णा आले तर चहा देऊन घरातच बसवून ठेव. ‘जावईबापू कुठे?’ म्हणाले तर नारळ आणायला गेलेत म्हणून सांग. येताना आणतोच, म्हणजे खोटं ठरणार नाही. तू याच गाडीतून सासरी आलीस, आज पाच वाजता नातही यातूनच कार्यालयात जाणार, असं ते गावभर सांगून बसलेत. रागावू नकोस, निदान पाचपर्यंत तरी.

बॅटरीची वायर काढली की दिवा विझेल, हे आत्ता लिहिताना सुचलं. जाऊन पाहिलं, तर तो आपोआपच विझलाय. हॉर्नही वाजत नाही.