गाडी मागे घेताना

३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही, जावईबापूंचा पत्ता नाही. रविवारी तुम्हा दोघांची ताटं मांडली आणि पुन्हा उचलून ठेवली. तू रुसली आहेस, हे ओळखायला वकिली लागत नाही. बाप असणं पुरतं.

त्या दिवशी तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या संमेलनात व्यासपीठावरून बोललो ते सगळ्यांना आवडलं. नंतर बाहेर पायऱ्यांवर उभा राहून बोललो ते तुला आवडलं नाही. पण मला सांग, माझ्या म्हाताऱ्या गाडीच्या मागच्या बंपरला भोकं पाडून ते सेन्सर बसवायचा हट्ट कुणाचा होता? मागे काही आलं की पीं पीं वाजेल, बाबा, तुम्ही निर्धास्त राहा, असं जावईबापूच म्हणाले. मी निर्धास्त राहिलो. आणि कसलाही आवाज न होता गाडी थेट त्यांच्या साहेबांच्या नव्या गाडीच्या दारात जाऊन बसली!

त्या यंत्रात पहिल्यापासून खोट होती. बसवल्या दिवशीच आमचं जुंपलं. ते म्हणत होते, रिकाम्या अंगणातही वाजतंय, सेन्सर उलटे बसलेत, मागे बघायचं सोडून जमीन बघतायत. मी म्हणत होतो, अहो, वाजतंय कुठे? त्यांनी ते काढून सुलटे बसवले, मागच्या दिव्याची सैल वायर आवळली, गाडीमागे स्टूल ठेवून मला रिव्हर्स टाकायला लावलं. मी पुन्हा म्हणालो, नाही वाजत. तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, असेल, यंत्रातच काहीतरी असेल. म्हणजे कबुलीच झाली की! मग अर्धवट ज्ञानाच्या माणसानं पाना हातात घेऊ नये, आणि काम अंगाशी आलं की मान खाली घालून उभं राहू नये, असं मी चारचौघांत म्हटलं तर काय बिघडलं? ज्याची चूक त्यानं ती पदरात घ्यावी, हे मी उभा जन्म सांगत आलो. जावई म्हणून सूट देणं मला जमणार नाही.

फोन करू नकोस. हल्ली त्यात नुसती खरखर असते, शब्द कळत नाहीत. तुझी आई गेल्यापासून या घरात मोठ्यानं बोलणारंही कुणी नाही. पत्रच लिही, रागावून लिही.

लोभ असू दे, रागाला माझी हरकत नाही.
तुझे,
बाबा


११ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

रागावायची परवानगी दिलीत, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

तुमच्या जावयाची खुर्ची जरा मागे सरकली की आता ऑफिसात कुणीतरी हळूच पीं पीं करतं. सगळे हसतात. हेही हसतात, आणि घरी येऊन जेवणावरून लवकर उठतात. नव्या पुलाचे आराखडे यांच्या हाताखाली व्हायचे होते, जवळजवळ ठरलंच होतं. आता साहेब म्हणतात, घाई नको, बघू. दाराच्या पोच्याचं साहेबांनी मनावर घेतलं नाही, बाबा. तुमचं भाषण घेतलं. इतका मोठा वक्ता स्वतःच्या जावयाबद्दल असं म्हणतो, म्हणजे त्यात काही तथ्य असणारच, असं लोकांना वाटलं.

मला लाज वाटते. नवऱ्याची नाही. लहानपणी तुमच्या सभेत पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवणारी मी, त्या दिवशी तुम्ही पायऱ्यांवरून बोलत होतात तेव्हा खांबाआड जाऊन उभी राहिले. कुणी मला तुमची मुलगी म्हणून ओळखू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

घरी आल्यावर मी यांच्यावरही चिडले, म्हटलं, तोंडाला कुलूप का लावून घेतलंत? जाऊ दे, म्हणाले. फार खोदलं तेव्हा उलट मलाच विचारलं की बाबा हल्ली फोन का घेत नाहीत. आता याचा त्याच्याशी काय संबंध?

गाडी एकदा जाणत्या माणसाला दाखवा. दोष निघाला तर यांच्या वतीनं मी तुमची माफी मागेन. नाही निघाला तर काय करायचं ते तुम्ही ठरवा. तत्त्वं तुमचीच आहेत.

लोभ आहेच, सध्या त्याला जरा धार आहे इतकंच.
तुमची,
चिमणी


१९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी दाखवली. मोटारींच्या वायरिंगची कामं करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे नेली. तिथेही मी आधी यंत्राविरुद्ध आरोपपत्र वाचून दाखवलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, मला रिव्हर्स टाकायला सांगितलं आणि स्वतः गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी काच खाली करून विजयानं म्हणालो, बघा, काही नाही!

मग आरशात पाहिलं. बाईंनी एका कानावर हात धरला होता. बाकावर चहा पीत बसलेला माणूस तोंड वाकडं करून माझ्याकडे बघत होता, की हा बाबा हे कधी बंद करणार. शेजारच्या दुकानाच्या दारात झोपलेलं कुत्रं उठलं आणि निघून गेलं. साक्षीदारांचे चेहरे वाचण्यात माझी हयात गेली. यातला एकही खोटं बोलत नव्हता. कुत्र्याला तर कुणी पढवलेलंही नसणार.

मी इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला, चावी चालूच आणि गिअर रिव्हर्समध्येच ठेवून मागच्या सीटवर गेलो. ती वाजणारी डबी तिथे फळीखाली चिकटवलेली आहे. तिच्यावर बोट ठेवलं. चिमणे, ती बोटाखाली थरथरत होती. कान अगदी टेकवला तेव्हा दूर कुठेतरी काही बारीक असल्याचा भास झाला.

आणि मी काय केलं? खाली उतरून बाईंना म्हणालो, वा, लागलं की वाजायला, तुमच्या हाताला यश आहे! त्यांनी कशाला हातसुद्धा लावला नव्हता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी जावईबापू बघत राहिले होते तशा.

गाडी त्यांच्याच दारात ठेवून चालत घरी आलो. मागून येणारे हॉर्न मी ऐकतो आहे की काही माझ्यापर्यंत पोचतच नाहीत, हे समजायला मार्ग नव्हता. म्हणून सारखा मागे वळून बघत होतो, चोरासारखा.

आणखी एक. खरखर फोनमध्ये नाही, हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि मी ते स्वतःलाही कळू देत नव्हतो. पायऱ्यांवर आवाज इतका चढला तो त्यामुळेच. हे जावईबापूंना वाचून दाखव. त्यांना लिहायला बसलो, पण मायन्याच्या पुढे हात जाईना.

लोभाचं तू ठरव.
बाबा


२५ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र हिनं वाचून दाखवलं. अर्ध्यावर तिनं ते माझ्या हातात दिलं, पुढचं मीच वाचलं.

मला स्टुलाच्या दिवशीच कळलं होतं. स्टूल बंपरला टेकेपर्यंत डबी किंचाळत होती आणि तुम्ही शांतपणे विचारत होतात, आता कधी वाजणार? तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुमच्या एका वाक्यानं कोर्ट चिडीचूप व्हायचं, असं मी हिच्याकडून ऐकत आलोय. अशा माणसाला तुम्हाला ऐकू येत नाही, असं सांगायला माझी जीभ रेटेना. म्हणून यंत्रावर ढकललं, आणि गाडी तुमच्याच हातात ठेवून घरी निघून आलो.

पायऱ्यांवर मी मान खाली घातली ती तुमच्या बोलण्यामुळे नाही. साहेबांच्या गाडीच्या जागी एखादं माणूस उभं असतं तर, एवढंच डोक्यात होतं. तुमचे शब्द अगदीच भलत्या माणसाला लागले नाहीत, बाबा. अर्धी चूक माझी आहे.

घोगऱ्या आवाजाची डबी मिळते, बारीक पीं पीं नाही आली तरी तसा जाड आवाज ऐकू येतो म्हणे, समोर दिवे लागणारी पट्टीही मिळते. तेही बघू. पण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. वेळ घेऊ का? सध्या दौऱ्यावर निघतोय, परत आलो की येतो. ऑफिसचं मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या लोभातच आहे.
तुमचा,
जावई


८ एप्रिल

चि. जावईबापूंना,
सप्रेम आशीर्वाद.

डॉक्टरांची वेळ घ्या. मी येतो. गाडीची चावी चिमणीकडे दिली आहे. तुमच्यापैकी कुणी शेजारी बसल्याशिवाय मी ती मागणार नाही.

तुम्ही अर्धी चूक मागता. ही वाटणी मला मंजूर नाही. तुम्ही गप्प राहिलात ते मला जपण्यासाठी. मी बोललो ते स्वतःला जपण्यासाठी, आणि तेही समोरच्याला एक शब्द बोलू न देता. कोर्टात मी कुणाला असं करू दिलं नसतं.

तुम्ही दौऱ्यावर असताना मुद्दाम तुमच्या ऑफिसात जाऊन आलो. तुम्ही तिथे असता तर असू द्या बाबा, असं म्हणून मला सोडवलं असतं. जेवणाच्या सुट्टीत, संमेलन झालं त्याच सभागृहात उभा राहिलो. घरून भाषण तयार करून नेलं होतं, चांगलं दणदणीत. उभं राहिल्यावर त्यातलं एकेक वाक्य लाजिरवाणं वाटू लागलं. शेवटी एवढंच सांगितलं की सेन्सर वाजत होते, जावईबापूंनी ते नीट बसवले होते, मला ऐकू येत नाही, आणि ते झाकण्यासाठी मी एका चांगल्या माणसाला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं. साहेब दारात उभे होते. माझं संपल्यावर आत निघून गेले. त्यांच्या मनात काय आहे ते मला सांगता येत नाही.

 मग मागच्या रांगेतून एक बाई उठून काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. अशा वेळी आजवर मी हसून मान डोलवायचो आणि पुढच्या मुद्द्यावर जायचो. कित्येकांचं बोलणं असं न ऐकताच डोलवून टाकलं असेल, कोण जाणे. या वेळी कानामागे हात धरला आणि भर सभेत म्हणालो, जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही.

त्या तुमची बाजू घेऊन मला खडसावणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं. पाणी हवंय का, असं विचारत होत्या.

हो म्हणालो.

लोभ वाढवा म्हणायला तोंड नाही. आहे तेवढा असू द्या.
तुमचे,
बाबा