लांडोर नव्हती

सोमवार, ३० डिसेंबर १९५७. भोकरदनच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी

शनिवारी लिहिलं ते चूक आहे. बदनापूरच्या माळावर मी पाहिली ती लांडोर नव्हती. माळढोक होता.

ते पान खोडत नाही. खोडलं तर चूक झालीच नव्हती असं होईल. इथेच दुरुस्त करते.

आज सकाळी ओढ्याच्या वळणावर खरी लांडोर अगदी जवळून पाहिली. तपकिरी, डोक्यावर तुरा, अंग आडवं, लगबगीने करवंदीच्या जाळीत शिरली. माळावरच्या पाखराला तुरा कुठे होता? डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी आणि उभी, चोच जराशी वर धरलेली, चष्मा घसरलेल्या मास्तरांसारखी. पाऊल उचलून थांबायचं, मग टेकायचं. कुसळी गवत त्याच्या पोटापर्यंतही नव्हतं. लांडोर एवढी उंच नसते.

मग शनिवारी असं का म्हणाले? कारण सलोत्रीकाकांनी बैलगाडीतच माळढोकाचं वर्णन सांगितलं होतं, अगदी हुबेहूब. गुरांचे डॉक्टर म्हणून जन्म या भागात हिंडण्यात गेला त्यांचा. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं समोर उभं राहिलं आणि मला माझाच संशय आला. बाबा कोर्टात पेशकार, रोज साक्षी ऐकणारे. मुलींना मराठी शाळा नव्हती तेव्हा त्यांनीच घरी शिकवलं, आणि अक्षरांबरोबर हेही शिकवलं की पढवलेला साक्षीदार सांगितलेलंच पाहतो. म्हणून काकांनी "सुमे, दिसला का गं?" विचारलं तेव्हा म्हटलं, "लांडोर असेल, काका."

दुर्बीण माझ्याच गळ्यात होती. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चुलतभाऊ मधूदादा आणि मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिका लीलाबाई मागे गाडीत दशम्या सोडत होते. पाहणारी मी एकटी.

संध्याकाळी चहाला काकांचा नेम असतो. दिवसभरातल्या पाखरांची नावं ते एकेक पुकारतात, ज्याने पाहिलं त्याने "पाहिलं" म्हणायचं. एकाने जरी शंका काढली तरी नाव सोडून द्यायचं. "माळढोक?" म्हणून त्यांनी शनिवारी विचारलं. माझ्याकडे चेहरा करून. मी गप्प. "सोडा," म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं.

तो माळ गायरान आहे. आता भूमिहीनांना वाटून नांगराखाली जायचाय. काकांनी अर्ज केला की वरचा अर्धा तरी माळढोकासाठी राहू द्या. तहसीलचे साहेब म्हणाले, या हिवाळ्यात कोणी डोळ्यांनी पाहिला असेल तर सांगा, जुन्या जमान्याच्या शिकारीच्या गोष्टी नकोत. यंदाची सहल त्याच्याचसाठी होती. आणि मी


मंगळवार, ३१ डिसेंबर. केदारखेडा

परतीचा मुक्काम. पूर्णेच्या डोहावर चक्रवाकांच्या जोड्या, शेवाळलेल्या खडकांवर शराटी, पलीकडच्या गव्हात करकोचे उतरले तेव्हा सगळं शिवार आवाजाने भरून गेलं. काका आवाजावरूनच ओळखत होते. लहान पोरासारखे खूश.

आज सांगायचं ठरवलं होतं. पाण्याच्या कडेला आम्ही दोघंच होतो, मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकाच म्हणाले, "सुमे, तुझ्यासारखी पोरगी न्हाई पाहिली. दिसलं न्हाई तं न्हाई म्हन्ती. मला बरं वाटावं म्हनून बी हो म्हन्ली न्हाई. बिलकुल बराबर केलं."

मागून मधूदादा आला. "काका, वरणात मीठ हाय का म्हणून इचारा हिला. वाटी चाटून 'खात्री नाही' म्हन्ती."

सगळे हसले. मीही हसले. सांगायचं राहिलं.


बुधवार, १ जानेवारी १९५८. जालना

घरी. कणकण आहे. नवं साल. जाते असं म्हणत जुन्या जालन्यात काकांकडे गेलेच नाही.


शनिवार, ४ जाने.

फार वाईट झालं.

मधूदादा तहसिलीत कारकून. आज जेवायला आला तेव्हा भाकरी मोडता मोडता सहज म्हणाला, "तुझ्या काकांचं काम निकालात निघालं बघ. साहेबांनी इचारलं, सहलीला तूही होतास ना, दिसलं का काही? म्हन्लं, आमच्या सुमनच्या गळ्यात दुर्बीण होती. तिला लांडोर दिसली. अन् साहेब, आमची सुमन देवाच्या दारात बी खोटं बोलायची न्हाई."

मी म्हटलं, "तुला कोणी सांगायला लावलं?"

"मंग काय सांगू? तूच तं म्हन्लीस! अन् बरंच झालं की. लोकांना जमीन भेटून राह्यली, तुम्ही पाखरं काय धरून बसले?"

माझ्या खरेपणाची ग्वाही देऊन माझंच खोटं साहेबांच्या कानावर घातलं गेलं. त्याचा दोष नाही. तो खरं तेच बोलला. मी ताट तसंच बाजूला सारलं. आई म्हणाली, ताप परत येतोय वाटतं.


मंगळवार, ७ जाने.

बाबांना सांगितलं. ते दाढी करत होते. वस्तरा पाण्यात ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग कोर्टातल्यासारखं विचारलं, "साक्ष बदलली तर समोरचा वकील पहिला सवाल काय करील?"

"कोणाच्या सांगण्यावरून बदलली?"

"बराबर. दुसरा?"

"तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

"मंग?"

तेव्हा खोटं बोलायचं नव्हतं म्हणूनच तर... हे कोणत्या साहेबाला पटेल?

बाबांनी तोंड धुतलं. पंचाने पुसत म्हणाले, "सांगू नको असं म्हणत न्हाई मी. मानतील असंही म्हणत न्हाई."

पढवलेल्या साक्षीदाराचा धडा त्यांचाच होता. त्यांना तसं माझ्याने म्हणवलं नाही. शिकवताना त्यांनी हेही सांगितलं असेल की स्वतःच्या डोळ्यांवर कधी विश्वास ठेवायचा. मला आठवत नाही. मी भित्री, मी तेवढं सोयीचं लक्षात ठेवलं असेल.


मंगळवार, १४ जाने. संक्रांत

काकांकडे गेले. काकूंनी हातावर तिळगूळ ठेवला, "इतके दिवस फिरकली न्हाई, रुसली का काय?" म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. काका ओसरीवर उन्हात बसले होते. बसायच्या आधीच सांगून टाकलं. "काका, लांडोर नव्हती."

शेजारच्या गच्चीवर पोरं पतंगासाठी ओरडत होती.

काका म्हणाले, "मला बी कायतरी पांढरं दिसलं होतं. गवताच्या वर, उभं. मंग तू लांडोर म्हन्लीस. मी म्हन्लं, पोरीचे डोळे जवान हायेत. आपले गेले."

म्हणजे दोघांनी पाहिला होता. मी त्यांच्यामुळे माझ्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला आणि त्यांनी माझ्यामुळे त्यांच्या. पुकारताना माझ्याकडे चेहरा केला होता तो यासाठी. एक शब्द बोलले असते तर. पण नेम त्यांचाच, एकाला शंका तर सोडून द्यायचं.

मी त्यांच्या रागावण्याची वाट पाहत होते. ते पुढे सरकले. "एकटाच होता का?"

"हो."

"मान पांढरीधोप? का राखी झाक?"

"पांढरी. छातीवर काळा पट्टा."

"पट्टा दिसला तुला! नर हाय मंग." डोळे मिटून घेतले. "उडाला का चालत गेला?"

"चालत. उताराला लागला, मग आधी पाय, मग अंग, शेवटी नुसती मान दिसत होती."

"हां. हां. तसाच जातो. सांग अजून."

सांगत राहिले. आठवेल ते सगळं सांगितलं. काकू भाकरीला बोलवत होत्या तरी उठले नाहीत. आता त्यांना तो माझ्या सांगण्यातूनच दिसायचा. मी तेव्हाच "काका, तिकडे" म्हणून त्यांची मान वळवली असती तर निदान तो पांढरा ठिपका माळढोक आहे हे माहीत असताना त्यांना दिसला असता. हे माळाच्या निकालापेक्षाही जास्त टोचतं. असं वाटणं बरोबर आहे का, कळत नाही.


शुक्रवार, १७ जाने.

मधूदादाकडून कळलं, साहेब मंगळवारी मोक्यावर येणार. साखळी टाकून माळ मोजायचा, खुणांचे दगड रोवायचे. गावातले लोक असतीलच.

तिथे जाऊन साहेबांना खरं सांगायचं ठरवलं. काकांना म्हटलं, तुम्हीही चला. म्हणाले, "मी आलो तं म्हन्तील, बुढ्यानं पढवून आनली. तू जाशील तं एकली जा." बाबा कोर्टाचे नोकर, ते येऊ शकत नाहीत. बरोबरच आहे.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या रखमाबाईने दुपारी विचारलं, "ताई, जमीन देऊ नका म्हनून सांगाया चालल्या म्हनं तुम्ही? माझ्या भावाचं नाव हाय त्यात."

म्हटलं, "मी काय पाहिलं तेवढंच सांगणार."

पातेली एरवी आदळते, आज हळूच पालथी घातली. ते जास्त लागलं.

माळ कोणाला जावा हे मला ठरवता येत नाही. रात्रंदिवस विचार करून डोकं दुखतं, तरी येत नाही. तिच्या भावाला जमीन मिळावी. आणि माळढोक तिथे आहे. दोन्ही खरं. साहेब विचारतील तुला काय वाटतं, तर वाटण्याचं काही सांगणार नाही. आधी मी लांडोर म्हणाले होते, हे सर्वांत पहिले सांगणार. का म्हणाले तेही. मग हसू देत.


रविवार, १९ जाने.

लीलाबाईंकडून रजा घेतली. "साक्षीला जातेस? बाईमाणसाने?" म्हणाल्या, पण सही केली.

आई बोलत नाही. मधूदादा म्हणतो, तिथे मला पाहून ओळख दाखवू नको.

परवा मंगळवार, २१ तारीख. सकाळच्या गाडीने बदनापूर, तिथून चालत माळावर. साखळी पडायच्या आत पोचायचं.